कापसाच्या व्यापाऱ्याचे चरित्र आणि खानदेशची वही

कापसाचा व्यापार करणाऱ्याचे चरित्र लिहिता येते. कापूस पिकवणाऱ्याचे लिहिता येत नाही. हे वाक्य आम्ही तक्रार म्हणून लिहीत नाही. चरित्राला साधने लागतात, साधने जपायला घर लागते, आणि घर टिकायला पैसा लागतो. ज्याच्याकडे ही तिन्ही असतात त्याचा जीवनक्रम पिढ्यान्‌पिढ्या राहतो. ज्याच्याकडे नसतात तो सरकारी दप्तरात ‘रयत’ या सामान्यनामाखाली मिसळून जातो. खानदेशात मराठी शिकवणाऱ्या आम्हा काही अध्यापकांना हा प्रश्न एका स्कॉटिश व्यापारी घराण्याविषयी वाचताना विशेष तीव्रतेने जाणवला. ते घराणे म्हणजे मुंबईचे फोर्ब्स.

स्कॉटलंडच्या ॲबरडीनशायर परगण्यात स्ट्रॅथडन नावाचे डोंगराळ खोरे आहे. तेथला जॉन फोर्ब्स (१७४३–१८२१) तरुणपणी मुंबईस आला आणि १७६७ साली त्याने येथे आपली पेढी घातली. पुढे गावाकडे तो ‘बॉम्बे जॉक’ या नावाने ओळखला जाऊ लागला. खोऱ्यातल्या लोकांना मुंबई कोठे आहे हे ठाऊक असो वा नसो, पैसा तेथून येतो एवढे त्या नावाने त्यांना कळत होते. या जॉनचा पुतण्या चार्ल्स, एका पाद्र्याचा मुलगा, किशोरवयातच हिंदुस्थानात आला आणि पुढे पेढीचा प्रमुख झाला. १८०० साली त्याने मद्रासच्या फौजेतील एका मेजरच्या मुलीशी, एलिझाबेथ कॉटग्रेव्हशी, लग्न केले. १८११ साली तो मायदेशी परतला, पुढच्याच वर्षी पार्लमेंटात निवडून गेला आणि १८३२ पर्यंत तेथे राहिला. १८२१ मध्ये काका वारल्यावर स्ट्रॅथडनमधील न्यू येथील जहागीर त्याच्याकडे आली, १८२३ मध्ये ‘सर’ ही वंशपरंपरागत पदवी मिळाली. त्याच वर्षी मुलगा जॉन वयात आल्याच्या निमित्ताने त्याने खोऱ्यात ‘लोनाक’ नावाची मंडळी स्थापन केली. तिचा वार्षिक मेळा आजही दर ऑगस्टात भरतो. माणसे भाले खांद्यावर घेऊन, बॅगपाइप वाजवीत खोऱ्यातून मिरवत जातात. १८३१ साली आर्चिबाल्ड सिम्सन या नामांकित वास्तुविशारदाकडून चार्ल्सने न्यूचा वाडा नव्याने बांधवून घेतला. ज्याच्यासाठी हे सारे उभे केले तो मुलगा मात्र १८४० मध्ये बापाच्या आधीच गेला. १८४९ मध्ये चार्ल्स वारला तेव्हा पदवी नातवाकडे गेली. तोही तीन वर्षांत अविवाहित वारला आणि ती त्याच्या काकाकडे वळली.

हे चरित्र भरघोस आहे. त्यात महत्त्वाकांक्षा आहे, कृतज्ञता आहे, पुत्रशोक आहे. आणि चार्ल्स फोर्ब्स हा सामान्य लोभी व्यापारी नव्हता, हेही मान्य केले पाहिजे. पार्लमेंटात आणि कंपनीच्या भागधारकांच्या सभांत तो हिंदी लोकांची बाजू सतत मांडत असे. हिंदुस्थान सोडून सत्तावीस वर्षे झाल्यावर मुंबईच्या एतद्देशीय रहिवाशांनी नऊ हजार पौंडांची वर्गणी जमवून चँट्री या शिल्पकाराकडून त्याचा पुतळा करवला आणि तो टाउन हॉलमध्ये बसवण्यात आला. जो गव्हर्नर नाही, सेनापती नाही, अशा माणसाचा पुतळा हिंदी लोकांनी आपल्या पैशाने उभारावा, ही गोष्ट त्या काळी अपूर्वच होती. आयुष्याच्या अखेरीस त्याने हिंदुस्थानातील लोकांना शुद्ध पाणी मिळावे म्हणून मोठी रक्कम बाजूला काढली. आपल्याकडील पुष्कळ धनिकांच्या चरित्रांत याच्या दशांशही सापडणार नाही.

मग आक्षेप कोठे आहे? आक्षेप माणसावर नाही, चरित्राच्या चौकटीवर आहे. त्या चौकटीत वाडा दिसतो, मेळा दिसतो, पुतळा दिसतो. कापूस दिसत नाही.

कापसाची गोष्ट थोडी मागून सांगावी लागेल. १७८४ साली ब्रिटिश पार्लमेंटाने चहावरची जकात ११९ टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आणली. चहाचा खप वाढला. पण चिनी व्यापाऱ्याला चहाच्या बदल्यात द्यायचे काय? चांदी देणे परवडत नव्हते. तेव्हा मुंबईहून कँटनला कापूस जाऊ लागला, तो मुख्यतः गुजरातेतला. या व्यापारावर मुंबईच्या पेढ्या गब्बर झाल्या आणि त्या पेढ्यांनी मुंबई सरकारला युद्धखर्चासाठी कर्जे दिली. कर्ज देणाऱ्यांत फोर्ब्सची पेढी अग्रभागी होती. ही युद्धे कोणाशी चालली होती हे मराठी वाचकाला सांगायला नको. १८०२ साली होळकरांच्या फौजांनी खानदेश लुटला, पुढच्या वर्षी इंग्रजांच्या फौजा असईहून बऱ्हाणपूर-असीरगडापर्यंत गेल्या आणि १८०३–०४ चा भयंकर दुष्काळ या उजाड मुलखावर कोसळला. व्यापाऱ्याने कर्ज दिले म्हणून दुष्काळ पडला, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. परंतु एकाच दशकातल्या या घटना आहेत. स्ट्रॅथडनच्या चरित्रात पहिली येते, दुसरी येत नाही. आणि आमच्या इतिहासात दुसरी येते, पहिली येत नाही. दोन्ही वह्या एकमेकींपासून तुटलेल्या आहेत.

या तुटण्याचा एक सुंदर नमुना मुंबईतच सापडतो. ज्या काळात मुंबईकर फोर्ब्सच्या पुतळ्यासाठी वर्गणी देत होते, त्याच काळात, १८४१ साली, पंचविशीतला भास्कर पांडुरंग तर्खडकर ‘एक हिंदू’ या सहीने ‘बॉम्बे गॅझेट’मध्ये आठ पत्रे लिहून इंग्रजी राज्य या देशाचे धन कसे ओढून नेत आहे याचा हिशेब मांडत होता. एका बाजूला इंग्रज व्यापाऱ्यांतल्या भल्या माणसाविषयी खरी कृतज्ञता, दुसऱ्या बाजूला त्या व्यवस्थेवरचा खरा संताप. आमच्या मते दोन्ही भावना प्रामाणिक होत्या. मराठी लेखकाने हा ताण एका कादंबरीत, एका नाटकात पेलून पाहायला हवा होता. आम्ही मात्र पुतळ्याकडे पाठ फिरवली आणि पत्रे अभ्यासकांसाठी ठेवून दिली.

फोर्ब्सची पिढी गुजरातच्या कापसावर वाढली. त्यानंतरच्या स्कॉटिश व्यापाऱ्यांचा हात खानदेशापर्यंत पोचला. १८१३ मध्ये कंपनीची मक्तेदारी सुटली आणि १८१६ साली ग्लासगोच्या कर्कमन फिनलेने क्लाइड नदीतून थेट मुंबईला जहाज पाठवले. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे आला. तरी सातपुडा आणि सह्याद्री यांच्या मधला हा प्रदेश बंदरापासून दूर होता. कापूस बैलांच्या पाठीवर घाट उतरत होता, वाटेत भिजत होता, धुळीने माखत होता. १८६० च्या दशकात रेल्वे तापीकाठी आली आणि त्याच वेळी अमेरिकेत यादवी युद्ध पेटल्याने लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला. १८६२ ते १८६५ या काळात जळगाव ही कापसाची मोठी पेठ बनली. १८६४ साली तेथे नगरपालिका स्थापन झाली. आज आम्ही ज्या शहराला जिल्ह्याचे ठिकाण म्हणून ओळखतो त्याचा असा उदय झाला. धुळ्याला मात्र चाळीसगावहून फाटा यायला १९०० साल उजाडावे लागले.

तेजी आली तशी ओसरली. एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतले युद्ध संपल्याची बातमी आली, मुंबईत १ जुलैला सट्ट्याचा डोलारा कोसळला आणि जळगावच्या पेठेलाही त्याचा जबर फटका बसला. प्रेमचंद रायचंद हे या तेजीचे अध्वर्यू. रिची स्टुअर्ट या पेढीचे ते दलाल होते आणि फिनलेच्या मुंबईतल्या व्यवहाराचा धागाही याच पेढीशी जुळलेला होता. तेजीतल्या पैशातूनच मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा त्यांच्या आईच्या नावाने उभा राहिला. म्हणजे मुंबईच्या व्यापाऱ्याची आईही इतिहासात आली. खानदेशातल्या कापसाच्या शेतात वेचणीला गेलेली आई कोठे आली?

ती आली नाहीच. तिचा नवरा आला, तो आरोपी म्हणून. १८६३ साली मुंबई सरकारने कापसातील भेसळीविरुद्ध कायदा केला. खानदेशचा कापूस आखूड धाग्याचा, त्यात पाने, माती, सरकी मिसळलेली, वजन वाढावे म्हणून पाणी मारलेले, अशा तक्रारी युरोपीय व्यापारी सतत करीत होते. तक्रारी निराधार नव्हत्या. पण भेसळ शेतात होत होती की जिनात, आडत्याकडे की दलालाकडे, आणि ज्या शेतकऱ्याने उभे पीकच सावकाराला लिहून दिले त्याला कापूस स्वच्छ ठेवून काय मिळणार होते, हे प्रश्न व्यापाऱ्याच्या पत्रव्यवहारात क्वचितच विचारले गेले. व्यापाऱ्याच्या चरित्रात आमचा शेतकरी प्रवेश करतो तो लबाड म्हणून. सरकारी दप्तरात तो प्रवेश करतो तो दंगेखोर म्हणून: १८५२ साली सावदा, फैजपूर, एरंडोल या भागात जमीनमोजणीविरुद्ध हजारो शेतकरी जमले, तेव्हा त्यांची दखल घेतली गेली. लबाड आणि दंगेखोर या दोन नोंदींच्या मधले त्याचे सगळे आयुष्य कोरे आहे.

येथे कोणी म्हणेल की परक्या व्यापाऱ्याला दोष देऊन काय होणार? देशी व्यापाऱ्यांनी तरी वेगळे काय केले? हा प्रश्न रास्त आहे. खानदेशात पुढे रॅलींसारखे ग्रीक आणि फोल्कार्टांसारखे स्विस व्यापारी आले, भाटिया आले, गुजर-मारवाडी पेढ्या आल्या. त्यांतल्या काहींनी या भूमीला पुष्कळ दिले. जळगावातील कापडगिरणी मूळजी जेठा यांच्या घराण्याने चालवली आणि त्यांचे नाव जळगावच्या महाविद्यालयाला आहे. अमळनेरला प्रताप शेठजींनी गिरणी काढली, शिक्षणसंस्थांना पैसा दिला, तत्त्वज्ञान मंदिर उभारले. त्याच अमळनेरात साने गुरुजींनी शिकवले आणि पुढे गिरणी कामगारांत काम केले. या नावांचे ऋण आम्ही मानतो. आमच्यासारख्यांची मीठभाकर अशाच संस्थांतून आली. पण संस्थेच्या पाटीवर नाव येणे आणि व्यवहाराचा इतिहास लिहिला जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाटीवरून आम्हाला दाता कळतो. भाव कोणी ठरवला, कडता किती कापला, वेचणारणीला मजुरी रोख दिली की कापसात, हे कळत नाही.

या कोऱ्या पानावर एकच नाव ठळकपणे उमटले आहे, आणि ते कवितेमुळे. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) या जळगावशेजारच्या आसोद्याच्या. लिहिता-वाचता न येणारी, अकाली वैधव्य आलेली, शेतीत राबणारी ही बाई. तिच्या ओव्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरातल्या माणसांनी वहीत उतरवून ठेवल्या. ती गेल्यावर ती वही आचार्य अत्र्यांच्या हाती पडली आणि १९५२ साली कविता प्रसिद्ध झाल्या. पेरणी, कापणी, मळणी, जाते, विहीर, सासर-माहेर हे खानदेशच्या शेतकरी घराचे अंतरंग मराठी साहित्यात आले ते त्या एका वहीमुळे. ती वही रद्दीत गेली असती तर? बहिणाबाईंच्या जागी आम्हाला खानेसुमारीतली आणखी एक ‘शेतकरीण’ मिळाली असती. आज त्यांचे नाव आमच्या विद्यापीठाला आहे. नाव देऊन झाले. आता प्रश्न असा की त्या एका वहीपासून विद्यापीठाने आणि आम्ही अध्यापकांनी काय धडा घेतला?

धडा घ्यायला दूर जाण्याची गरज नाही. तो धुळ्यात आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून, वाड्यांच्या माळ्यांवरून, पेट्यांतून, कधी वाण्याच्या दुकानातून कागद गोळा करीत राहिले. १९२६ च्या शेवटच्या दिवशी धुळ्यात त्यांचे निधन झाले आणि लगेच १९२७ साली त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे उभे राहिले. शंकर श्रीकृष्ण देवांनी त्याच गावात समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी हस्तलिखितांचा मोठा संग्रह केला. एका मध्यम आकाराच्या शहरात अशा दोन संस्था असणे ही महाराष्ट्रात दुर्मीळ गोष्ट आहे. योगायोग असा की १९२७ सालीच तिकडे स्ट्रॅथडनमध्ये फोर्ब्सांचा न्यूचा वाडा पाडला गेला. वाडा गेला, पण घराण्याचे चरित्र राहिले, कारण कागद त्याआधीच वाड्याबाहेर अनेक ठिकाणी पोचले होते. दगडापेक्षा कागद टिकतो, फक्त तो कोणी तरी उचलून ठेवावा लागतो.

आमच्या इतिहाससंशोधनाच्या थोर परंपरेने एक नकळत रेघ ओढली, ती १८१८ ची. त्या रेघेअलीकडचा कागद म्हणजे साधन, पलीकडचा म्हणजे रद्दी. पेशव्याच्या कारकुनाचा खर्चाचा तपशील आम्ही मोडीतून काळजीपूर्वक लिप्यंतरित करतो. पण १९१० सालच्या आडत दुकानाची कीर्द आणि खतावणी माळ्यावर वाळवीला सोडतो. पहिला कागद राजकारणाचा, दुसरा ‘धंद्याचा’, एवढाच काय तो फरक. वस्तुतः गेल्या दोन शतकांत खानदेश ज्याने घडवला तो व्यवहार दुसऱ्या कागदात आहे. दर दिवाळीला पेठेत वहीपूजन होते, पाडव्याला नवी वही सुरू होते, जुनी वर जाते. आणि घराची वाटणी झाली किंवा दुकानाच्या जागी संकुल उभे राहिले की सगळे गठ्ठे किलोच्या भावाने जातात. वर्गात आम्ही मुलांना विचारतो, तेव्हा पाच-सात हात वर येतात: आजोबांच्या घरी अशा वह्या होत्या. ‘होत्या’ हा भूतकाळ आम्हाला दरवर्षी ऐकावा लागतो.

जगभर या कापसाचा इतिहास नव्याने लिहिला जात आहे. स्वेन बेकर्ट या अमेरिकेतल्या इतिहासकाराचा ‘एम्पायर ऑफ कॉटन’ हा ग्रंथ २०१४ साली आला. त्यात वऱ्हाड आहे, खामगावची पेठ आहे. लक्ष्मण सत्या यांनी वऱ्हाडातला कापूस आणि दुष्काळ यांवर त्याआधीच, १९९७ साली, ग्रंथ लिहिला. हे अभ्यासक प्रामुख्याने ज्या साधनांवर उभे आहेत ती सरकारची आणि व्यापाऱ्यांची आहेत, कारण तीच जपली गेली. खानदेशच्या बाजूचा कागद पुढे आला नाही तर उद्याचा उत्तम इतिहासही व्यापाऱ्याच्या खिडकीतूनच लिहिला जाईल, आणि त्याबद्दल परक्या अभ्यासकाला बोल लावण्याचा हक्क आम्हाला राहणार नाही.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. जळगाव, धुळे, अमळनेर, चोपडा, पाचोरा, शिरपूर येथील महाविद्यालयांच्या मराठी, इतिहास आणि वाणिज्य विभागांनी मिळून कापूसव्यवहाराची कागदपत्रे गोळा करावीत: पेढ्यांच्या वह्या, जिन-प्रेसची हजेरीपत्रके, सावकारी खते, बाजारभावाची पत्रके, गिरणी कामगारांची पत्रे. मूळ कागद मालकाकडे राहू द्यावा, छायाप्रत घ्यावी. आज मोबाईलने ते एका विद्यार्थ्याला एका दुपारी करता येते. मोडी आणि महाजनी अक्षर वाचणारी माणसे थोडी उरली आहेत; त्यांच्याकडून शिकण्याचे वर्ग आताच काढावेत. आणि वेचणीला जाणाऱ्या वृद्ध स्त्रियांच्या आठवणी त्यांच्याच बोलीत ध्वनिमुद्रित कराव्यात, कारण त्यांच्या मजुरीची नोंद बहुधा एका आकड्यापलीकडे कोठेच नसेल.

हे काम मराठीच्या अध्यापकांचे का, असे विचारले जाईल. खतावणी हे साहित्य आहे काय? आमचे उत्तर असे की खतावणीत साहित्याचा कच्चा माल आहे, आणि जो समाज आपला कच्चा माल दुसऱ्याला देऊन त्याच्याकडून पक्का माल विकत घेतो त्याची गत काय होते, हे खानदेशाला कोणी शिकवण्याची आवश्यकता नाही. कापूस आम्ही गाठी बांधून मँचेस्टरला पाठवला आणि कापड विकत घेतले. आता आमच्या आठवणी तशाच गाठी बांधून जाऊ देऊ नयेत. कापसाच्या खंडीचे वजन अजूनही ३५६ किलोच धरतात, म्हणजे जुने ७८४ पौंड. व्यापाऱ्याने ठरवलेले माप असे दीडशे-दोनशे वर्षे टिकते. त्या मापाने मोजल्या गेलेल्या माणसांची नावे टिकवणे मात्र आमच्याकडे आले आहे.

ते काम झाल्यावर कोणी चार्ल्स फोर्ब्सचे चरित्र मराठीत जरूर लिहावे. त्यात त्याचा मोठेपणा असावा, पुत्रशोक असावा, लोनाकचा मेळाही असावा. फक्त त्याच्या कँटनच्या हिशेबासमोर भडोचच्या शेतकऱ्याचा, आणि त्याच्या वारसदार पेढ्यांच्या हिशेबासमोर आसोद्या-फैजपूरच्या शेतकऱ्याचा हिशेब मांडलेला असावा. जमा आणि खर्च या दोन्ही बाजू लिहिल्याशिवाय वही पुरी होत नाही, हे व्यापाऱ्यालाही मान्यच असते.